कयाक उलटल्यावर एकट्याने परत चढायला पॅडल फ्लोट: फुगवायचा घ्यावा की फोमचा?

कर्देकिनारा:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सांगतो. मी पुण्यात नोकरीला, आजोळ दापोली तालुक्यात कर्दे-मुरुडच्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी गोव्यातून एकाकडून सेकंडहँड कयाक घेतली. १४ फुटी, प्लास्टिकची, आत पाय घालून बसायची म्हणजे सिट-इन. मागे सामानासाठी एक गोल झाकण आहे, पुढे काही नाही. मनात एकच आहे, कधीतरी कर्द्याहून निघून सुवर्णदुर्गाला फेरी मारून परत यायचं.

आता जे झालं ते. फेब्रुवारीत सकाळी साडेसातला निघालो, पाणी अगदी तेल ओतल्यासारखं. किनाऱ्यापासून दीडेकशे मीटरवर असेन, मागे बघायला म्हणून वळलो आणि गेलो पाण्यात. जॅकेट अंगात होतं त्यामुळे डोकं वर राहिलं. कयाक सुलटी केली तर ती भरपूर पाणी घेऊन सुलटी झाली, नाक पाण्याखाली आणि शेपूट वर, अशी तिरकी उभीच राहायला लागली. चढायला जातोय की परत पलटी, चढायला जातोय की परत पलटी. पाच-सहा वेळा केलं, हात गळून गेले. वारा म्हणावा असा नव्हताच, पण किनाऱ्यावरची सुरूची झाडं बारीक होत चालली होती त्यावरून कळलं की मी बाहेर चाललोय. हर्णैकडे जाणाऱ्या एका होडीतल्या काकांनी बघितलं आणि ओढून आणलं. त्यांनी बघितलं नसतं तर काय, हा विचार अजून रात्री येतो.

तेव्हापासून कयाक गोठ्यात पडून आहे. वाचून वाचून पॅडल फ्लोट लागतो एवढं कळलंय, म्हणजे पॅडलच्या एका पात्याला तरंगणारी पिशवी चढवायची आणि त्याचा आधार घेऊन चढायचं. पण त्यातही फुगवायचा एक आणि फोमचा एक. ऑफिसातला एक जण म्हणतो हे सगळं सोड, पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारं जॅकेट घे. ज्यांनी खरोखर वापरलंय त्यांनी प्लीज सांगा काय घेऊ.

मीठपाणी:
भाऊ, आधी जीव वाचला हे बरं झालं, आणि जॅकेट घालून गेला होतास हे त्याहून बरं. आता फ्लोट जरा बाजूला ठेव. मी अकरा वर्षं मालवण ते पणजी या पट्ट्यात कयाक चालवतोय आणि तुझ्या पोस्टमधलं एकच वाक्य मला खटकलं, "नाक पाण्याखाली आणि शेपूट वर". चांगली सी कयाक उलटली तर पाणी फक्त बसायच्या जागेत भरतं, कारण पायांच्या पुढे आणि पाठीच्या मागे आडव्या भिंती असतात, बल्कहेड म्हणतात त्यांना. पुढची आणि मागची पोकळी कोरडी राहते म्हणून बोट भरली तरी सपाट तरंगते. तुझी नाक खाली घालून उभी राहिली याचा अर्थ पुढे भिंतच नसणार, पाणी थेट टोकापर्यंत जातंय. पुढे झाकण नाही म्हणतोयस त्यावरून तर खात्रीच वाटते.

टॉर्च घे, पाय घालतोस तिथून आत बघ. फक्त फोमचा उभा खांब दिसला तर तो डेक, म्हणजे बोटीची वरची बाजू, दबू नये म्हणून असतो, पाणी अडवायला नाही. मग मागच्या झाकणातून दोन बादल्या पाणी ओत, दहा मिनिटं थांब, सीटच्या बाजूला पाझरतंय का बघ. हे करून इथे लिही, मग फ्लोटचं बोलू. कारण अशा बोटीला जगातला सगळ्यात महाग पॅडल फ्लोट लावलास तरी तू चढून बसशील आणि बोट तुझ्यासकट परत बुडायला लागेल. फ्लोट आधी बोटीत, नंतर पॅडलला.

कर्देकिनारा:
तुमचं वाचलं आणि शनिवारी मुद्दाम गावी गेलो. पुढे भिंत नाही, फोमचा खांबच आहे, हात घातला तर पार टोकापर्यंत पोकळ. मागची भिंत आहे पण पाणी ओतल्यावर डाव्या खालच्या कोपऱ्यातून ठिबकलं. दोन वर्षं मी ही बोट घेऊन फिरतोय आणि मला हे माहीतच नव्हतं. विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता काय करू, भंगारात घालू का?

मीठपाणी:
छे, भंगारात कशाला. पुढच्या पोकळीत हवेच्या पिशव्या घाल. कयाकच्या नाकासाठी निमुळत्या आकाराच्या मिळतात, लांब नळी असते, पिशवी आत सारायची आणि मग फुगवायची. ती नुसती ठेवू नकोस, बांध. पाणी आत आलं की पिशवीला वर यायचं असतं आणि ती सरकत सरकत तुझ्या पायांपाशी येते, म्हणजे नको तिथे. पिशवी मिळेपर्यंत पॅकिंगवाल्यांकडचा पांढरा लवचिक फोम, ईपीई म्हणतात तो, त्याचे ठोकळे कापून घट्ट बसवलेस तरी काम होतं. थर्माकोल नको, त्याचे दाणे सुटतात आणि समुद्रात जातात.

मागच्या भिंतीचा कोपरा भरताना साधं सिलिकॉन वापरू नकोस, या प्लास्टिकला ते नीट धरत नाही, महिनाभरात सालपटासारखं सुटून येईल. बोटींसाठीचा पॉलियुरेथेन सीलंट घे आणि लावायच्या आधी जागा घासून कोरडी कर. तरी मागेही एक पिशवी टाकच. आणि एक, पिशव्या गच्च फुगवून बोट उन्हात वाळूवर ठेवायची नाही. दुपारच्या उन्हात आतली हवा फुगते आणि शिवण फाटते, माझी एक अशीच गेली आहे. थोडी सैल ठेव, पाण्यात उतरल्यावर दोन फुंका मार.

आता तुझा मूळ प्रश्न. फुगवायचा फ्लोट घडी होतो, जागा खात नाही आणि पूर्ण भरला तर फोमपेक्षा जास्त उचलतो. पण तो पाण्यात तरंगत, धापा टाकत, खारं पाणी तोंडात जात असताना तोंडाने फुगवायचा असतो. घेतलास तर दोन कप्प्यांचा घे, एक फाटला तर दुसरा राहतो. फोमचा फुगवावाच लागत नाही, पात्यावर चढवला, पट्टा आवळला की तयार. पण तो उशीएवढा असतो, डेकवर वाऱ्याला आडवा येतो आणि लाटेत मोकळा सुटू शकतो. तुला मी फोमचा सांगेन. कारण तू नवा आहेस, एकटा जातोस, आणि पाच-सहा वेळा पलटी खाल्लेल्या माणसाच्या छातीत फुंकायला हवा उरत नाही हे तू स्वतः अनुभवलंयस.

तिलारीची_लेक:
फोमबद्दल थोडं वेगळं मत आहे माझं. मी फुगवायचाच वापरते. युक्ती अशी की आधी एक पाय बसायच्या खळग्यात अडकवायचा, म्हणजे बोट पायाने धरलेली राहते आणि दोन्ही हात मोकळे. मग फ्लोट चढवायचा, क्लिप लावायची आणि निवांत फुगवायचा. घाई कशाला, आपल्याकडे पाणी गार नसतं. मात्र झडपेत वाळू गेली की हवा धरत नाही, म्हणून दर वेळी गोड्या पाण्याने धुवा आणि जायच्या आदल्या रात्री फुगवून ठेवा, सकाळी मऊ पडला तर घरीच ठेवा.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. मला फ्लोट लावूनसुद्धा पहिल्या वर्षी चढता यायचं नाही. सगळे म्हणायचे हातात जोर कमी. जोराचा प्रश्नच नाहीये. पुरुष माणसं हाताने ओढून चढतात म्हणून तसंच शिकवतात. मी दोन गोष्टी बदलल्या. एक, उभं राहून वर उडी मारायची नाही, पाण्यात पालथं आडवं व्हायचं आणि पाय जोरात मारत मारत मागच्या डेकवर पोटाने सरपटत जायचं, मासा फळीवर येतो तसं. दोन, पट्ट्याची रिकीब. सुमारे साडेचार मीटर पट्ट्याचा एक फास, पॅडलच्या दांड्याला आणि बसायच्या जागेच्या कडेला वेढा देऊन बोटीखालून आपल्या बाजूला लोंबता सोडायचा, घोड्यावर चढताना टाकतो तसा त्यात पाय टाकायचा आणि मांडीच्या जोरावर उठायचं. पट्टा पाण्यावर तरंगला तर पायाला सापडत नाही, म्हणून त्यात प्लास्टिक पाइपचा वितभर तुकडा ओवला आहे, पाऊल ठेवायला पायरी होते. वर आलात की आधी पाय फासातून सोडवा, मग बाकी सगळं. यात पाय अडकून पुन्हा उलटलात तर फार वाईट.

जॅकेटचं पण बघा. पर्यटकांना देतात ती जाड नारिंगी जॅकेटं, पुढे तीन ठोकळे असलेली, ती घालून डेकवर सरपटताच येत नाही, ठोकळा कडेला अडतो. पॅडलिंगसाठीचं ५० न्यूटनचं घ्या, आयएसओ १२४०२-५ लिहिलेलं असतं, पुढे कमी जाड आणि खांदे मोकळे. ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलोची उचल, पोहता येणाऱ्या शुद्धीतल्या माणसाला पुरते. पण बेशुद्ध माणसाला ते उताणं करेलच असं नाही, हे लक्षात ठेवा. घालून बघताना कोणालातरी दोन्ही खांदे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते तुमचं नाही.

देवबागकर_रापणवाले:
मी कयाक चालवत नाय, आमची पिढीजात रापण. पण ह्या फ्लोटाचा वाचून बोलल्याशिवाय रवावला नाय. माका तुमचो तो फ्लोट बघून आमची उलांडीच आठावली. इतरांना कळावं म्हणून जरा शुद्धात लिहितो. आमची होडी अरुंद, एकटी ठेवली तर लडबडते, म्हणून एका अंगाला दोन आडवे वासे काढून त्यांच्या टोकाला हलक्या लाकडाचा ओंडका बांधतात, ती उलांडी. तुम्ही पॅडलच्या टोकाला पिशवी लावून जे करता ते तेच, फक्त घटकाभरासाठी.

तर उलांडीचे दोन नियम लहानपणापासून पाठ आहेत ते तुम्हाला पण लागू पडतील. पहिला, भार कायम उलांडीच्या अंगाला. विरुद्ध अंगाला झुकलात की उलांडी पाण्यातून उचलली जाते आणि होडी गेलीच. म्हणजे तुम्ही चढताना, वळताना, पाणी उपसताना अंग फ्लोटकडे झुकलेलं पाहिजे. दुसरा, ओंडक्यापेक्षा बांधणी महत्त्वाची. वासा होडीला काथ्याने असा आवळतात की हलता नये. तुमचं पॅडल नुसतं हाताने धरलंत तर ते कात्रीसारखं फिरणार. बोटीला काटकोनात ठेवा आणि घट्ट धरा नाहीतर बांधा.

आणखी एक. सकाळचं पाणी गप्प असतं म्हणून नवी माणसं सकाळी एकटी जातात. थंडीच्या दिवसात सकाळी मतलई असतो, जमिनीकडून दर्याकडे. किनाऱ्याजवळ लाट उठत नाही म्हणून तो कळत नाही, पण नेतो बाहेरच. दुपारी खारा वारा सुटला की लाट दिसते पण तो निदान किनाऱ्याकडे तरी आणतो. पाण्यात पडलात तर होडी सोडू नका, कधीच नाय. रिकामी होडी माणसापेक्षा जोरात वाहते, दोन हात लांब गेली की पोहून गाठता येत नाय. आणि तुम्हाला ओढून आणलेल्या त्या होडीवाल्यांकडे पुन्हा एकदा जाऊन या. निघताना त्यांना सांगून निघा, कुठे चाललो, कधी येणार. ते लक्ष ठेवतील.

कर्देकिनारा:
काका, उलांडीचं वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतके व्हिडिओ बघितले पण झुकायचं कुठे हे आत्ता कळलं. त्या होडीवाल्या काकांकडे गेलो होतो तेव्हा नारळ घेऊन, परत जाईन.

ताई, रिकिबीचं पक्कं करतो. जॅकेट माझं तेच तीन ठोकळ्यांचं आहे. आपोआप फुगणाऱ्याबद्दल कोणी सांगेल का?

सातारकर_स्कॉटलंड:
ते कयाकसाठी घेऊ नका. मी इथे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सात वर्षं पॅडल करतोय. आपोआप फुगणारं जॅकेट पाणी लागलं की उडतं, आणि कयाकमध्ये पाणी तर कायमच लागतं. लाटेचा जोरदार मारा बसला आणि भलत्या वेळी फुगलं तर मानेभोवती एवढा मोठा गळपट्टा घेऊन पॅडल मारणंही कठीण, डेकवर पालथं सरपटणं तर विसराच. शिवाय १५० न्यूटनच्या जॅकेटला साधारण ३३ ग्रॅमचं सीओटूचं सिलिंडर असतं, एकदा उडालं की नवीन लागतं, विमानात न्यायला परवानगीच्या भानगडी, आणि खाऱ्या दमट हवेत ते गंजतं. शिडाच्या होडीवर, मोटरबोटीवर ठीक आहे. कयाकला फोमचंच जॅकेट.

फ्लोटच्या वादात माझं म्हणणं, दोघंही आपापल्या पाण्यापुरते बरोबर आहेत. इथे वसंतात समुद्र ८-९ अंश असतो. पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वास ताब्यात नसतो, दहाएक मिनिटांत बोटं क्लिप लावायला ऐकत नाहीत. म्हणून थंड पाण्यात फोमकडे ओढा असणारे बरेच भेटतात. कोकणात पाणी २६ ते ३० अंशांच्या आसपास, बोटं शाबूत राहतात, ताई म्हणतात तसं निवांत फुगवता येतं. तुम्हाला गारठा मारत नाही, तुम्हाला दमणूक मारते, ऊन मारतं, आणि काका म्हणतात तो वारा. फुगवायला जो वेळ जातो तेवढा वेळ तुम्ही वाहत असता, एवढाच हिशोब करायचा.

मात्र पॅडलकडे बघा. स्वस्तातलं दोन तुकड्यांचं ॲल्युमिनियमचं असेल तर मधल्या सांध्यावर भार पडून ते वाकतं. माझ्या डोळ्यांसमोर एका मुलीचं वाकलंय, पॅडलवर ओणवी झाली होती. वजन मागच्या डेकवर टाकायचं, पॅडल फक्त तोल धरायला. आणि पंप विसरू नका. आत बसलात म्हणजे संपलं असं नाही, बसायच्या जागेत शंभर-दीडशे लिटर पाणी डचमळत असतं, ते या अंगाहून त्या अंगाला गेलं की परत उलटी. हातपंपाच्या खोक्यावर मिनिटाला ३० लिटर लिहिलेलं असतं, दमलेल्या हाताने निम्मं धरा. तेवढा वेळ फ्लोट पॅडलला तसाच ठेवून, त्या बाजूला कललेलं राहून उपसायचं. पंपाला फोमची बाही असू दे आणि दोरीने बांधा, नाहीतर तोच पहिला वाहून जातो.

मीठपाणी:
सातारकरांशी सहमत. ताईंचं पण पटलं, पाय अडकवून फुगवायचं ज्याला जमतं त्याने फुगवायचा घ्यावा. तरी या भाऊला मी फोमचाच सांगणार, निदान पहिलं वर्ष. कुठलाही घे, सीटच्या मागे क्लिपने अडकव, डेकवरच्या रबरी दोरीखाली नुसता खोचू नकोस, आणि पाण्यात पडल्यापडल्या डोळे मिटून हात गेला पाहिजे अशी एकच जागा ठरव.

सराव खाडीत कर, भरती चढत असताना. काही चुकलं तर पाणी तुला आत नेतं, बाहेर नाही. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी अजिबात जाऊ नकोस, आतून ओढ आणि बाहेरून लाट, तिथे फ्लोटबिट काही चालत नाही. उधाणाचे दिवस पण टाळ, अमावस्या-पौर्णिमेला पाण्याला ओढ जास्त. शिट्टी जॅकेटला, मोबाईल वॉटरप्रूफ पिशवीत अंगावर, बोटीत नाही, आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर सेव्ह करून ठेव.

कर्देकिनारा:
तीन आठवड्यांनी लिहितोय. पुढे एक मोठी पिशवी, मागे एक छोटी, दोन्ही बांधल्या. कोपरा सीलंटने भरला, आता पाझरत नाही. फ्लोट फोमचा घेतला, ५० न्यूटनचं जॅकेट घेतलं, रिकीब घरी बनवली.

रविवारी आंजर्ल्याच्या खाडीत, भरती लागून तासभर झाल्यावर उतरलो. मेहुणा दुसऱ्या होडीत बाजूला होता. मुद्दाम भरून बघितली आधी, आणि खरं सांगतो, बोट पाण्याने भरूनसुद्धा सपाट तरंगत होती हे बघून डोळ्यांत पाणी आलं. फेब्रुवारीतली तीच बोट.

मग उलटून बघायला लागलो. पहिल्यांदा फ्लोट काढेपर्यंत पॅडल हातातून सुटलं, मेहुण्याने आणून दिलं. दुसऱ्यांदा चढलो पण वळताना अंग फ्लोटच्या विरुद्ध बाजूला गेलं आणि काकांनी सांगितलं होतं तस्संच झालं, उलांडी वर आणि मी खाली. तिसऱ्यांदा पोटावर सरपटून, तोंड मागे करून, पाय आत घालून, फ्लोटकडे वळत वळत बसलो. बसलो म्हणजे बसलोच! मेहुण्याने घड्याळ लावलं होतं, पडल्यापासून आत बसेपर्यंत साडेचार मिनिटं आणि पाणी उपसायला अजून नऊ. त्यानंतर चार वेळा केलं, शेवटची वेळ तीन मिनिटांच्या आत. रिकीब एकदाच वापरली, दमल्यावर, आणि तिचा उपयोग तेव्हाच कळला.

एक अडचण आहे. फ्लोटचा पट्टा ओला झाला की बकलातून हळूहळू सरकतो, पात्यावरून फ्लोट अर्धा निघाला होता एकदा.

तिलारीची_लेक:
वा, किती बरं वाटलं वाचून! तीन मिनिटं म्हणजे खूपच छान. पट्ट्याच्या शेपटीला बकलाच्या मागे एक गाठ मारा, शिवाय फ्लोटच्या कडीपासून पॅडलच्या दांड्याला हातभर दोरी क्लिपने लावा, सरकला तरी निघून जाणार नाही. आणि पुढचा सराव थोड्या लाटेत करा, पण मेहुण्याला घेऊनच.

देवबागकर_रापणवाले:
बरा झाला. आता दिवस मोजू नका, जूनच्या आधी सुवर्णदुर्ग उरकायचा म्हणून घाईने निघाल ते नको. पावसाळ्यात बोट गोठ्यातच बरी. नारळी पौर्णिमा झाली तरी पाणी लगेच गप्प होत नाय, दिवाळीनंतर बघा. जाल तेव्हा हर्णैच्या त्या होडीवाल्यांना विचारून जा, किल्ल्याच्या आसपास जाळी कुठे टाकलीत ते त्यांनाच माहीत. आणि सुरी जवळ ठेवा, बोथट टोकाची, जाळ्यात पॅडल गुंतलं तर लागते.

कर्देकिनारा:
दिवाळीनंतरच जाणार काका, आणि एकटा नाही. मेहुण्यासाठी पण कयाक बघतोय, या वेळी आधी टॉर्च घेऊन आत बघेन.